साखरपाण्याच्या खडूनं लिहिलेला शब्द

बातमी आली ती त्यांच्याच नंबरवरून. मोबाइलवर 'यशवंत सर लातूर' असं नाव उमटलं आणि मला सवयीनं वैताग आला. दुपारची वेळ. नांदेडच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. मनात म्हटलं, आता दुपारीसुद्धा? सकाळचा रतीब पुरत नाही का यांना? फोन वाजू दिला. बंद झाला, पुन्हा वाजला. शेवटी उचलला तो आवाजात होता नव्हता तेवढा तुसडेपणा आणून. म्हणालो, "बोला सर, कोणता शब्द?"  पलीकडून त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा आवाज आला. "काका... बाबा गेले. जेवून पडले होते, उठलेच नाहीत."

यशवंत सर माझे थोरले साडू. माझ्या बायकोच्या, संगीताच्या, मोठ्या बहिणीचे यजमान. चाकूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी नोकरीभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते लातुरात राहायला आले. आमच्या सासरवाडीत सगळे त्यांना सरच म्हणत. ताई, म्हणजे त्यांची बायकोसुद्धा, सरच म्हणायच्या. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो म्हणून ते मला 'प्राध्यापक' म्हणत, आणि त्या हाकेत एक बारीकशी टाचणी असे. निदान मला ती टोचत असे.

संध्याकाळी आम्ही लातूरला पोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, गल्ली माणसांनी भरली होती. घरात शिरण्याआधी माझी नजर फळ्याकडं गेली. हा फळा त्यांच्या कुंपणाच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूनं. गावोगावच्या चौकात सुविचाराचे फळे असतात, तसाच, पण सर त्यावर सुविचार लिहीत नसत. रोज सकाळी एक इंग्रजी शब्द लिहायचे, तोही असा की जो खुद्द इंग्रजांनी कधीच वापरातून टाकून दिलाय, आणि त्याच्याखाली त्याचा अर्थ, आपल्या मराठीत. नव्या शब्दाचा अर्थ पक्का झाल्याशिवाय जुना पुसायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या संध्याकाळी फळ्यावर शब्द होता 'रिस्पेअर'. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात अर्थ: पुन्हा निराश होणे.

येणारा प्रत्येक माणूस तो वाचून आत जात होता. शेजारचे एक निवृत्त तलाठी हळू आवाजात म्हणाले, "सरांना आधीच कळलं होतं म्हणायचं." कुणीतरी फोटो काढला. मी खाली मान घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं, दुःखानं.

जलदानविधीच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर ताई प्रज्ञाला म्हणाल्या, "वाचलंस का बापानं काय लिहून ठिवलं ते? पुन्हा निराश होणे. तुझ्यापाय." एवढंच बोलल्या, आणि त्यानंतर पोटच्या मुलीशी त्यांनी बोलणं टाकलं. कारण असं की, प्रज्ञा तिथंच एका बँकेत नोकरीला, आईवडिलांजवळ राहणारी. वरच्या मजल्यावर क्लासला येणाऱ्या मुलींसाठी खोल्या काढाव्यात असं तिच्या मनात होतं. त्यासाठी बाहेरून जिना घ्यावा लागणार होता आणि तो नेमका फळ्याच्या जागी येत होता. सर 'काढा की' एवढंच म्हणाले होते. प्रज्ञानं आईला परोपरीनं सांगून पाहिलं, की बाबांना राग आला नव्हता, उलट ते मिस्त्रीला विचारत होते, जिन्याखाली फळा बसंल का, म्हणजे पावसातबी भिजणार न्हाई. तिनं तर जिनाच रद्द करून टाकला. ताईंचं उत्तर एकच. "मंग हे काय लिहिलंय?" लिहिलेल्यापुढं पोरीचं बोलणं टिकेना.

आता मी जे सांगणार आहे ते त्याच दिवशी, तिथंच, त्या दोघींच्या मध्ये उभं राहून सांगायला हवं होतं. फळ्यावरचा तो अर्थ चूक आहे. आणि तो सरांचा नाही. तो मी सांगितला होता.

हे कसं घडलं ते कळायला थोडं मागं जावं लागेल. सरांची न् माझी पहिली भेट कंधारजवळच्या सासरवाडीत, मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. मी नवा नवा एम. ए. झालेलो, तासिका तत्त्वावर लागलेलो, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात भलतीच हवा. पोहे झाले, मुलगी पाहून झाली, आणि थोरले जावई म्हणून बसलेल्या या उंच, काळ्यासावळ्या माणसानं भर बैठकीत विचारलं, "इंग्रजी घेऊन एम. ए. झालात म्हणं. सेनाइट म्हंजे काय हो?" मी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. नाही माहीत, असं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं का? पण मी म्हणालो, "विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून आलेला माणूस." सासरे समाधानानं मान हलवून राहिले. सर माझ्याकडं पाहत राहिले. मग सासऱ्यांना म्हणाले, "पोरगं हुशार हाय, देऊन टाका." निघताना गल्लीत मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "सेनाइट म्हंजे आठवडा. सात रात्री. जुना शब्द हाय. न्हाई ठावं तर न्हाई म्हनत जा, प्राध्यापक." मी तेव्हा प्राध्यापक झालोही नव्हतो. ही हाक त्या गल्लीतली.

त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. हे कळत होतं, आणि त्याचाच राग होता. ज्यानं आपली थाप पकडली आणि तरी चारचौघांत उघडी पाडली नाही, त्या माणसासमोर आयुष्यभर बसणं सोपं नसतं. आपण बोलायला लागलो की त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं... आता पकडतोय का, आता पकडतोय का.

निवृत्तीनंतर गंजगोलाईच्या बाजारपेठेत एका रद्दीवाल्याकडं त्यांना एक जाडजूड, जुना इंग्रजी शब्दकोश सापडला. वाळवी लागलेला. वाळवीनं अशी काही गंमत करून ठेवली होती की, बऱ्याच पानांवर ठळक छापलेले शब्द शाबूत आणि पुढचे अर्थ गायब. त्यांनी तो पोरासारखा उराशी धरून घरी आणला. मला फोन. "प्राध्यापक, लई मजा हाय. शब्द हायत, अर्थ न्हाईत." मी म्हणालो, "अहो, मग टाकून द्या की तो. प्रज्ञाच्या मोबाइलवर सगळे अर्थ मिळतील." त्यावर त्यांचं म्हणणं असं की, मोबाइल धा अर्थ सांगतो, त्यातला खरा कोन्ता ते सांगत न्हाई. "मानसाला इचारलं की मानूस एकच सांगतो. आन् चुकला तर त्याला धरता येतं."

तेव्हापासून रोज सकाळी मी दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो की फोन. न चुकता. "प्राध्यापक, शब्द अडलाय." गालाला फेस, एका हातात रेझर, मोबाइल स्पीकरवर टाकून वॉशबेसिनच्या कडेला. कधी पहिला तास गाठायचा असे, कधी घरात पाणी आलेलं असे, कधी संगीताशी धुसफूस झालेली असे. यांना त्याचं काही नाही. शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगून सुटका नसे. त्याला आपल्याकडचा शब्द पाहिजे. एकदा मी 'ओव्हरमॉरो'चा अर्थ सांगितला, उद्यानंतरचा दिवस. सर एकदम खूश. "म्हंजे परवा! बघा प्राध्यापक, इंग्रजाचा परवा मेला, आपला जिता हाय. त्याला आता दिवसासाठी अख्खं वाक्य बोलावं लागतं." त्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहून खाली फक्त 'परवा' एवढं लिहिलं आणि म्हणे दुपारपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले, कुणी वाचतंय का पाहत.

कुणी वाचत नव्हतं. हे लिहितानाही मला त्याची चीड येते. त्या गल्लीतून सकाळ-संध्याकाळ शेकड्यानं पोरंपोरी जातात, पाठीला दप्तरं, कानात वायर, तोंडात जीवशास्त्राच्या व्याख्या. डॉक्टर व्हायला आलेली पोरं ती. त्यांच्या परीक्षेत या शब्दांना मार्क नाहीत. त्यातल्या एकीनं एकदा थांबून विचारलं होतं, "आजोबा, हे कोणत्या पेपरला येतं?" सर म्हणाले, "कोन्त्याच न्हाई." ती बरं म्हणून निघून गेली. हे सांगताना ते पोट धरून हसले होते. मी हसलो नाही. मी म्हणालो, "मग कशाला करता हा उपद्व्याप? कोण विचारतं?" ते म्हणाले, "मी इचारतो की. तुम्हाला."

मला चिडवायलाही त्यांना हे शब्द पुरत. 'फजल' म्हणजे काम करत असल्याचं सोंग करून नुसतं बसणं, हे मीच शोधून सांगितलं आणि मीच फसलो. पलीकडून शांतपणे, "तुमच्या कॉलेजचा शब्द घावला म्हना की. आज तास किती?" दुसरा एक शब्द, 'ग्रोक'. कुणी जेवत असलं की आपल्यालाही मिळंल या आशेनं त्याच्या तोंडाकडं बघत राहणं. त्या दिवाळीत आम्ही सगळे लातूरला जमलो होतो. मी करंजीच्या डब्याभोवती घुटमळताना दिसलो की सर आतल्या खोलीतून ओरडत, "अगं, प्राध्यापक ग्रोक करायलेत, दे एक." सगळी पोरंटोरं तो शब्द शिकली. आजही आमच्या घरात कुत्रं ताटाजवळ येऊन बसलं की माझी मुलगी म्हणते, ग्रोक करतंय बघा. तिला ठाऊकही नसेल की इंग्लंडात हा शब्द आता कुणी ओळखणार नाही.

खडूचंही त्यांचं एक तंत्र होतं. शाळेत शिक्षकदिनाला वा स्नेहसंमेलनाला मोठा फळा रंगवणारे मास्तर करतात तसं, ते खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घेत. त्यानं अक्षर ठसठशीत, पांढरंशुभ्र उमटतं आणि वाळलं की हात घासला तरी जात नाही. ओल्या फडक्यानंच पुसावं लागतं. ताईंची त्यावर रोज कटकट, कारण साखरेला मुंग्या येत. सकाळी ऊन चढलं की अक्षरांच्या कडेकडेनं काळी रांग लागे. सर म्हणत, "कुनी तरी वाचतंय म्हना." ते शब्द वहीत उतरवून ठेवा असं मी कितीदा सांगितलं. नाही म्हणजे नाही. आजचा शब्द उद्या पुसला जाणार, ज्याला पाहिजे त्यानं आजच वाचावा, हा हट्ट. त्यामुळं इतक्या वर्षांच्या शब्दांपैकी आज कुठंच काही नाही. आहे तो एक शेवटचा, आणि तो माझ्यामुळं खोटा.

ती सकाळ मला स्पष्ट आठवते. आदल्या दिवशी कॉलेजात माझं प्राचार्यांशी वाजलं होतं, झोप झाली नव्हती. फोन आला. "प्राध्यापक, रिस्पेअर." मी म्हणालो, "कशातला आहे?" म्हणाले, "वाळवीच्या डिक्शनरीतला. पुढचं सगळं खाल्लंय." मला हा शब्द माहीत नव्हता. न्हाई ठावं तर न्हाई म्हनत जा, असं याच माणसानं मला गल्लीत शिकवलं होतं. पण इतक्या वर्षांत मी ते एवढंसुद्धा शिकलो नव्हतो. मी वर्गात पोरांना शिकवतो तशी शब्दाची फोड केली. डिस्पेअर म्हणजे निराशा. री म्हणजे पुन्हा. "पुन्हा निराश होणे," मी म्हणालो. "लिहून टाका."  ते म्हणाले, "नक्की ना?" मी म्हणालो, नक्की. पुन्हा म्हणाले, "असा शब्द कशाला करतील हो मानसं? निराश हाय तो हायच की. पुन्हा कशाला म्हनंल?" मी रेझर बेसिनमध्ये आपटला. "सर, मला तास आहे. लिहायचं तर लिहा, नाहीतर राहू द्या." ते म्हणाले, "लिहितो की. तुम्ही सांगितलं म्हंजे झालं."

दुपारी मलाच राहवेना. ग्रंथालयात कपाटात कुलूपबंद असलेल्या मोठ्या कोशाचा तो खंड काढायला लावला. शब्द सापडला. अर्थ अगदी उलटा. निराशेतून बाहेर येणं. खचलेल्या माणसाला पुन्हा आशा वाटू लागणं. कधीकाळी इंग्रजीत होता आणि वापरातून गेला... निराशेचा शब्द राहिला, तिच्यातून उठण्याचा मेला. मी खंड मिटला. लगेच फोन करता आला असता. केला नाही. म्हटलं उद्या सकाळी येईलच त्यांचा, तेव्हा सांगू. मग वाटलं, उद्या सांगायचं म्हणजे काय काय ऐकावं लागेल. सिनेटवर निवडून आलेला माणूस! पुन्हा तीच गल्ली, पुन्हा खांद्यावर तोच हात.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. गालाला फेस होता. मी नाव पाहिलं आणि मोबाइल पालथा करून ठेवला. वाजून वाजून थांबला. ते का फोन करत होते मला माहीत नाही. नवा शब्द असेल, किंवा जुन्याची शंका फिटली नसेल. नियमाप्रमाणं फळा पुसला गेला नाही, आणि त्याच दुपारी त्यांच्या नंबरवरून तो दुसरा फोन आला, ज्यानं या लेखाची सुरुवात झाली. सुरुवातीला मी ही सकाळ गाळली होती. आजवर सगळीकडंच गाळत आलो.

पुढं महिनाभर मी काय केलं? दर रविवारी लातूरला गेलो. अहमदपूर, चाकूर करत बस जाई आणि चाकूरला थांबली की मी मनाशी वाक्य जुळवून ठेवी. घरी पोचलो की ताई एका खोलीत, प्रज्ञा दुसऱ्या. प्रज्ञा चहा आणून ठेवायची, ताई तिच्या हातचा घ्यायच्या नाहीत, उठून स्वतःचा वेगळा करायच्या. मी दोघींकडचा चहा प्यायचो आणि साडेचारच्या बसनं परत. सरांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका वक्त्यानं सरांना 'प्राचीन इंग्रजीचे गाढे अभ्यासक' म्हटलं. दुसऱ्यानं तर त्या शेवटच्या शब्दावरच भाषण केलं, आजच्या समाजानं शिक्षकाला कसं पुन्हा पुन्हा निराश केलं म्हणून. टाळ्या पडल्या. प्रज्ञा मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी ओव्हरमॉरोचा किस्सा सांगितला, लोक हसले, आणि मी खाली बसलो. मला माझ्या आवाजाची किळस आली.

प्रज्ञा त्या दिवशी मला फाटकापर्यंत सोडायला आली. फळ्याकडं न बघता म्हणाली, "काका, तुम्ही इंग्रजीचे. त्या शब्दाचा अजून काही अर्थ निघतो का हो? थोडा तरी वेगळा?" मोबाइलमध्ये बघायचं धाडस होत नाही, म्हणाली. तिथंही तोच अर्थ निघाला तर? मी म्हणालो, "बघून सांगतो." बघून सांगतो! अर्थ माझ्या खिशात होता.

पुढच्या रविवारी मात्र चाकूरला वाक्य जुळवलं नाही. घरात गेलो, दोघींनाही बाहेरच्या खोलीत बोलावलं, आणि जसं इथं लिहिलंय तसं सगळं सांगितलं. रेझर आपटल्यापासून मोबाइल पालथा ठेवल्यापर्यंत.  ताई जमिनीकडं बघत म्हणाल्या, "त्या दिशी तुम्हाला फोन लावला होता त्यांनी. उचलला न्हाई तर म्हणले, तासावर असतील."

"तासावर नव्हतो ताई. दाढी करत होतो."

"हां," त्या म्हणाल्या.

प्रज्ञा ताडकन उठली. "आई महिनाभर माझ्याशी बोलत नाही. मी रोज रात्री आठवून बघते, मी काय म्हणाले होते, कसं म्हणाले होते. आणि तुम्ही दर रविवारी इथं येऊन चहा पीत होता?"

"हो."

"हो काय, काका?"

 माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "ते नंतर बघू," आणि आत निघून गेली.

ताई तशाच बसून होत्या. म्हणाल्या, "मंग खरा अर्थ काय म्हनलात?" मी कोशातला सांगितला. निराशेतून बाहेर येणं, पुन्हा आशा वाटू लागणं. त्यांनी तोंड वाकडं केलं. "असं नव्हते लिहीत ते. हे पुस्तकातलं झालं." मी उमेद म्हणून पाहिलं, उभारी म्हणून पाहिलं. त्या मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या मळ्यात मिरचीचं रोप लावलं की दुपारच्याला पार मान टाकायचं. गेलं म्हनून सोडून द्यावं असं. सांजच्याला पानी दिलं की सकाळी बघावं तर ताठ उभं. आमचे दादा म्हनायचे, जीव धरला बघा रोपानं." थांबून म्हणाल्या, "जीव धरनं. असं लिहिलं असतं त्यांनी."

त्याच आत जाऊन ओलं फडकं आणि एक स्टीलची वाटी घेऊन आल्या. वाटीत सरांनी भिजवलेले शेवटचे दोन खडू होते. पाणी केव्हाच आटून साखर कडेला पांढरी धरली होती. "तुम्हीच लिहा," म्हणाल्या. "सांगितलं तुम्हीच होतं." आम्ही बाहेर आलो. रस्त्यावरून क्लास सुटलेली पोरं चालली होती. 'पुन्हा' ठेवायचं होतं, ते दोन्ही अर्थांत लागतं. पुसायचं होतं फक्त 'निराश होणे'. वाटलं होतं एका हातात जाईल. पण महिनाभर उन्हात वाळलेलं साखरेचं अक्षर ते. घासून घासून फडकं काळं झालं, तरी 'निराश'ची करडी सावली फळ्यावर राहिलीच. "ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाल्या. "लिहा वरून." मी लिहिलं. सरांच्या 'पुन्हा'पुढं माझं अक्षर तिरकं, घाईचं दिसत होतं. पुन्हा जीव धरणे. मागं वळलो तर प्रज्ञा फाटकात उभी होती. तिनं वाचलं. माझ्याकडं पाहिलं नाही. आईच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि आत गेली. पाठोपाठ ताई गेल्या. मी साडेचारची बस धरली.

हे सगळं छापायला देण्याआधी मी दोघींना फोनवर वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, "द्या." प्रज्ञानं शेवटपर्यंत ऐकलं. सरांना मी कधी म्हणालो नाही ते इथं म्हणतो, एकदाच, चारचौघांत. मला तो शब्द माहीत नव्हता, सर.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. गालाला फेस. मोबाइल वाजला आणि वॉशबेसिनच्या कडेला त्याच नावाची अक्षरं उमटली... यशवंत सर लातूर. तो नंबर आता ताईंकडं असतो. ओल्या हातानंच स्पीकर लावला.

"भाऊजी, तुमच्या अक्षराला मुंग्या लागल्यात," ताई म्हणाल्या. "सरांच्या 'पुन्हा'पाशी एक बी न्हाई, सगळ्या तुमच्याकडं."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मागून, स्वयंपाकघरातून असावा, प्रज्ञाचा आवाज आला. "आई, चहा निवतोय. ये की आधी."

"आले गं," ताई म्हणाल्या. फोन तसाच चालू ठेवून त्या उठून गेल्या असाव्यात. कपबशीचा आवाज आला, दोघींचं काहीतरी बारीक आवाजातलं बोलणं आलं, शब्द कळत नव्हते. प्रज्ञा माझ्याशी अजून बोलत नाही. मी रेझर खाली ठेवला आणि फेस गालावर वाळेपर्यंत तसाच उभा राहून ऐकत राहिलो.